मारताना काय म्हटले, हे कागदावर कोण उतरवणार? द्वेषाचे गुन्हे, लैंगिक कल आणि आपला सीमाभाग

२०२५ च्या डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात भरलेल्या हिवाळी अधिवेशनात द्वेषभाषण आणि द्वेषाचे गुन्हे रोखण्यासाठीचे कर्नाटकाचे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. त्या आठवड्यात सीमाभागातल्या मराठी माणसांची जी चर्चा माझ्या कानावर आली, ती एकाच शब्दाभोवती फिरत होती, आणि तो शब्द होता 'भाषा'. भाषेवरून द्वेष पसरवणे गुन्हा ठरणार असेल तर त्याचा आपल्याला आधार होईल, की आपल्याच मोर्चांवर तो उगारला जाईल, असा प्रश्न लोक विचारत होते, आणि तो रास्तच आहे. मात्र विधेयकातल्या ज्या यादीत 'भाषा' हा शब्द येतो, त्याच यादीत तिच्या आधी 'लैंगिक कल' हे शब्दही येतात. त्यांच्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. काहींना त्यांचा अर्थ ठाऊक नव्हता, आणि ज्यांना ठाऊक होता त्यांना ते शब्द चारचौघांत उच्चारायचे नव्हते.

ज्यांनी केवळ आपल्या बोलीमुळे कधी ना कधी अपमान गिळला आहे, त्या सीमाभागातल्या माणसांना हा विषय इतरांपेक्षा लवकर समजेल, असे मला मनापासून वाटते. म्हणून तो अगदी मुळापासून मांडतो.

आधी चार शब्द

लैंगिक कल म्हणजे माणसाला कोणाविषयी आकर्षण वाटते ते: भिन्नलिंगी व्यक्तीविषयी, समलिंगी व्यक्तीविषयी, की दोन्हींविषयी. लिंगओळख ही वेगळी गोष्ट आहे. जन्माच्या दाखल्यावर मुलगा लिहिलेले असो की मुलगी, माणूस आतून स्वतःला कोण मानतो, ती त्याची लिंगओळख. दाखला आणि ही ओळख यांचा मेळ ज्यांच्या बाबतीत बसत नाही, त्यांना या लेखात पारलिंगी म्हटले आहे.

द्वेषमूलक गुन्हा, म्हणजे ज्याला बातम्यांत हेट क्राइम म्हणतात तो, दोन गोष्टी एकत्र आल्यावर होतो. मारहाण, जाळपोळ, खंडणी असा एखादा मुळातच गुन्हा असलेला प्रकार घडलेला असतो, आणि तो ज्याच्यावर घडला त्याची निवड त्याच्या ओळखीमुळे झालेली असते. द्वेषभाषण म्हणजे अशा ओळखीच्या लोकांविरुद्ध वैर पेटवणारे बोलणे किंवा लिहिणे. पहिल्यात हात उठतो, दुसऱ्यात शब्द. या दोहोंची सरमिसळ झाली की चर्चा भरकटते, आणि आपल्या राज्याच्या विधेयकातही ही सरमिसळ झाली आहे; त्याकडे पुढे येतो.

ऊस पेटला, पण कशासाठी?

समजा, दोन शेतकऱ्यांचे बांधावरून जुने भांडण आहे आणि एकाने रागाच्या भरात दुसऱ्याचा ऊस पेटवून दिला. नुकसान मोठे झाले, गुन्हाही झाला, तरी आजूबाजूचे शेतकरी त्या रात्री आपापल्या घरी झोपतात, कारण भांडण त्या दोघांचे आहे हे त्यांना माहीत असते. आता असे समजा की, 'या जातीच्या लोकांनी इथे ऊस लावायचा नाही,' असे ओरडत कोणीतरी तेवढाच ऊस पेटवला. जळालेला एकर तेवढाच आहे, पण त्या रात्री त्या जातीच्या एकाही घरातला दिवा विझत नाही. म्हातारी माणसे उशाशी काठी घेऊन बसतात, आणि पुढच्या वर्षी ऊस लावावा की नाही याचा विचार ज्यांचे एक पानही जळले नाही तेही करू लागतात.

आपल्याकडचे ताजे उदाहरण २०२५ च्या फेब्रुवारीतले आहे. बेळगावजवळ एका बसमध्ये भाषेवरून वाद झाला आणि कन्नड बोलणाऱ्या कंडक्टरला मारहाण झाली. त्यानंतर दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही दिवस सीमेवर अडकल्या, आणि ज्यांचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता असे प्रवासी ताटकळले. मारहाण एका माणसाला झाली होती, धास्ती मात्र दोन्ही भाषांच्या हजारो माणसांनी घेतली. द्वेषमूलक गुन्ह्याला वेगळे मानण्याचे कारण एवढेच आहे की त्याचा घाव पीडितापाशी थांबत नाही.

समलिंगी आणि पारलिंगी माणसांच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट मिसळते. मराठी बोलल्याबद्दल एखाद्याला मार पडला तर त्याची गल्ली, त्याचे घर, त्याचे मंडळ त्याच्या पाठीशी उभे राहते. समलिंगी मुलाच्या पाठीशी बहुधा घरही नसते, कारण घराला माहीतच नसते. मोबाइलवरच्या ओळखीतून भेटायला बोलवायचे, चित्रफीत काढायची आणि 'वडिलांना पाठवतो' म्हणून पैसे उकळायचे, असे प्रकार देशात अनेक ठिकाणी उघडकीस आले आहेत. कायद्याच्या भाषेत ही खंडणी आहे. पण त्या मुलाची निवड त्याच्या खिशात पैसे जास्त होते म्हणून झालेली नसते. हा पोलीस ठाण्याची पायरी चढणार नाही याची खात्री असते म्हणून झालेली असते. त्याची तक्रार म्हणजे त्याची ओळख जाहीर होणे. गुन्हेगाराचे सगळे गणित या एका भीतीवर बसलेले असते.

कायदा मनातला हेतू पाहू शकतो का?

कायद्याने कृतीला शिक्षा द्यावी, मनात काय होते याच्याशी त्याला काय करायचे आहे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात कायदा हेतू आणि संबंध रोजच पाहतो. भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि तीच चोरी नोकराने मालकाच्या वस्तूची केली तर सात वर्षांपर्यंत. वस्तू तीच असते, फक्त चोरीसोबत विश्वासही मोडलेला असतो.

याहून जवळचे उदाहरण म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणारा १९८९ चा कायदा, ज्याला आपण अॅट्रॉसिटीचा कायदा म्हणतो. हा भारताचा जुना आणि पक्का द्वेषगुन्हा कायदाच आहे, फक्त आपण त्याला त्या नावाने ओळखत नाही. त्याचा एक अनुभव इथे उपयोगी पडतो. गंभीर गुन्ह्यांत वाढीव शिक्षा देणाऱ्या त्याच्या एका तरतुदीत पूर्वी, पीडित त्या जातीचा आहे 'या कारणावरून' गुन्हा घडला असे सिद्ध करावे लागे, आणि तिथेच खटले कोसळत. कारण आरोपीच्या मनातले कारण सिद्ध करायचे कसे? जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ती भाषा बदलली, आणि पीडित त्या जातीचा आहे हे 'ठाऊक असताना' गुन्हा केला, एवढे दाखवणे पुरेसे ठरले. यादीत शब्द घालणे सोपे असते. तो शब्द न्यायालयात उभा राहील अशी रचना करणे अवघड असते.

आजच्या कायद्यात काय आहे?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत दोन तरतुदी या अंगाने जातात. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा 'किंवा तत्सम अन्य कारणावरून' खून केला तर कलम १०३ चे दुसरे पोटकलम लागते, आणि गंभीर दुखापत केली तर कलम ११७ चे चौथे. लैंगिक कल या यादीत नाव घेऊन आलेला नाही. लिंगओळख 'लिंग' या शब्दातून आत येऊ शकते, कारण सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात, संविधानाच्या अनुच्छेद १५ आणि १६ मधल्या 'लिंग' या शब्दात लिंगओळखीचाही समावेश होतो, असे म्हटले आहे. पण वाचून काढावा लागणारा अर्थ आणि स्पष्ट लिहिलेला शब्द यांत पोलीस ठाण्यातल्या टेबलापाशी फार मोठे अंतर असते.

याच तरतुदींतल्या दोन गोष्टी सहज नजरेतून सुटतात. पहिली म्हणजे, चौघांनी मारले तर या तरतुदी लागतच नाहीत. दुसरी अशी की, गंभीर दुखापतीची कमाल शिक्षा एरवीही सात वर्षेच आहे आणि द्वेषातून केलेल्या गंभीर दुखापतीचीही सात वर्षेच. जमावातल्या प्रत्येकाला जबाबदार धरता येते, हा लाभ खरा आहे, पण द्वेष या घटकाचे वेगळे वजन शिक्षेत कुठेच दिसत नाही.

पारलिंगी व्यक्तींसाठी २०१९ चा स्वतंत्र कायदा झाला. मूळ कायद्याच्या कलम १८ मध्ये त्यांना घराबाहेर काढणे, सार्वजनिक ठिकाणी अडवणे, त्यांचा शारीरिक, शाब्दिक, आर्थिक किंवा लैंगिक छळ करणे, या सगळ्याला मिळून सहा महिने ते दोन वर्षे एवढीच कैद ठेवली गेली. स्त्रीवरील बलात्काराला किमान दहा वर्षे सक्तमजुरी आहे, हे शेजारी ठेवून पाहावे. भर म्हणून, जुन्या दंडसंहितेतले कलम ३७७ नव्या संहितेत आलेच नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्या कलमातला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरता भाग रद्द केला होता. संमतीविरुद्धच्या कृत्यांसाठी ते शिल्लक होते. आता प्रौढ पुरुषावर बलात्कार झाला तर त्याला त्या नावाचे कलमच नाही.

आपल्या राज्याचे विधेयक काय करते?

विधेयकाच्या यादीत धर्म, वंश, जात, लिंग, लिंगभाव, लैंगिक कल, जन्मस्थान, रहिवास, भाषा, अपंगत्व आणि जमात ही कारणे आहेत. अशीच यादी विधी आयोगाने मार्च २०१७ च्या आपल्या २६७ व्या अहवालात सुचवली होती; त्यात 'लिंगओळख' हा शब्द नाव घेऊन होता. कर्नाटकाच्या विधेयकात पहिल्या गुन्ह्यासाठी एक ते सात वर्षे कैद आणि ५० हजार रुपये दंड आहे, आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन हक्काने मिळत नाही. विधेयक मंजूर होणे आणि कायदा अमलात येणे यांच्यामध्ये राज्यपालांच्या संमतीचा टप्पा असतो, हेही लक्षात ठेवावे.

'लैंगिक कल' हे शब्द राज्याच्या विधिमंडळाने, तेही आपल्या शहरात बसून, मंजूर केले याचे मला समाधान आहे. पण नीट वाचल्यावर एक गोष्ट खटकते. या विधेयकात 'द्वेषगुन्हा' याची व्याख्याच मुळी द्वेषभाषण प्रसिद्ध करणे, पसरवणे किंवा त्याला चिथावणी देणे अशी आहे. ज्या मुलाला चित्रफितीच्या धाकाने लुटले, ज्या पारलिंगी बाईचा हात मोडला, त्यांच्यावरच्या गुन्ह्याची शिक्षा या विधेयकाने एका दिवसानेही वाढत नाही. नावात गुन्हे आहेत, मजकुरात मात्र भाषण आहे. सुरुवात उलट टोकाकडून व्हायला हवी होती, असे माझे मत आहे.

इतर देश बहुतेक हातापासून सुरुवात करून शब्दाकडे गेले. अमेरिकेत १९९८ मध्ये वायोमिंग राज्यात मॅथ्यू शेपर्ड या समलिंगी विद्यार्थ्याचा खून झाला, आणि केंद्रीय कायद्यात लैंगिक कल व लिंगओळख यायला २००९ चा ऑक्टोबर उजाडला. इंग्लंडमध्ये शिक्षा ठरवताना लैंगिक कलाविषयीचा द्वेष लक्षात घेण्याची तरतूद २००३ च्या कायद्याने आली, आणि पारलिंगी व्यक्तींचा समावेश २०१२ च्या कायद्याने झाला.

'यांना विशेष सवलत कशासाठी?'

हा आक्षेप सर्वांत आधी येतो. त्याचे उत्तर यादीच्या रचनेतच आहे. यादीत 'समलिंगी' असे लिहिलेले नसते, 'लैंगिक कल' असे लिहिलेले असते, आणि कल प्रत्येकालाच असतो. 'मराठी' असे लिहिलेले नसते, 'भाषा' असे असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये विस्कॉन्सिन राज्याचा वाढीव शिक्षेचा कायदा एकमताने उचलून धरला, त्या खटल्यात आरोपी कृष्णवर्णीय होता आणि मुलाने मार खाल्ला होता तो केवळ गोरा म्हणून. कायदा बहुसंख्याकांच्या मुलाच्या बाजूनेही तितक्याच सरळपणे उभा राहिला. बसमधल्या कंडक्टरचेही तेच आहे. बेळगावात 'भाषा' या शब्दाचा आधार कन्नड माणसालाही मिळायला हवा.

'हे आपल्याकडचे नाही'

असे म्हणणाऱ्यांनी पौर्णिमेला सौंदत्तीच्या डोंगरावर जाऊन यावे. कोल्हापूर-सांगलीपासून निपाणी-चिकोडीपर्यंतची माणसे 'उदं गं आई उदं' म्हणत यल्लम्माला जातात, आणि तिथे डोक्यावर जग, म्हणजे देवीचा मुखवटा असलेली परडी, घेतलेले, हातात चौंडके हे तंतुवाद्य धरलेले, लुगडे नेसलेले जोगप्पा पिढ्यानपिढ्या आहेत. देवीचा सांगावा आला म्हणून पुरुषाचा पोशाख उतरवलेल्या या माणसांच्या पाया आपल्या आयाबाया पडत आल्या आहेत. देवीला माणसे वाहण्याच्या प्रथेत जे शोषण होते ते मला मान्य नाही, आणि १९८२ च्या राज्य कायद्याने ती प्रथा बंद केली ते योग्यच झाले. पण त्या माणसांचे असणे परके नव्हते, एवढे तरी मान्य करावे लागते. त्याच परंपरेतून आलेल्या मंजम्मा जोगती कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

परका होता तो संशय. कर्नाटक पोलीस कायद्यात २०११ मध्ये घातलेल्या कलम ३६-अ ने हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची आणि त्यांच्यावर नजर ठेवण्याची मुभा पोलिसांना दिली होती, जणू ओळख हाच पुरावा. पुढे न्यायालयात आव्हान दिले गेल्यावर तो शब्द काढावा लागला.

'मग आम्ही बोलायचेच नाही का?'

या आक्षेपात तथ्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटवरच्या बोलण्या-लिहिण्याविषयीच्या २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात चर्चा, मताचा पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या सांगितल्या, आणि कायद्याचा हात तिसऱ्या पायरीवरच पोचू शकतो असे ठरवले. एखाद्या कीर्तनकाराने समलिंगी विवाह आपल्याला मान्य नाही असे म्हटले तर ते मत आहे. मला ते पटत नाही, तरी त्यासाठी त्याला तुरुंगात पाठवणे मला मुळीच पटणार नाही. त्याच माणसाने 'तळ्याकाठच्या घरात राहणाऱ्या त्या दोघींना गावाबाहेर काढा' असे म्हटले आणि श्रोते उठले, तर ती चिथावणी झाली. विधेयकात साहित्य, कला, शास्त्र आणि प्रामाणिक धार्मिक हेतूंसाठी अपवाद आहेत, पण 'दुर्भावना' निर्माण करणे हाही गुन्हा ठरवला आहे, आणि हा शब्द फार ढिला आहे. १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनी, सीमाभागातली मराठी माणसे पाळतात त्या काळ्या दिनाच्या फेरीतली घोषणा कोणाच्या मनात दुर्भावना निर्माण करते, हे ठरवण्याचा अधिकार ठाण्यातल्या अधिकाऱ्याकडे गेला तर काय होईल, ही सीमाभागातली भीती मी खोटी म्हणणार नाही. हा शब्द आवळून हिंसेच्या चिथावणीपुरता करावा.

'सिद्ध कसे करणार?'

खोट्या तक्रारींची भीती आणि सिद्ध न होण्याची अडचण या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत, आणि दोन्हींचे उत्तर पुराव्यात आहे. हेतूचा पुरावा बहुधा एकच असतो: मारताना, आधी किंवा नंतर आरोपी काय म्हणाला. ते शब्द पहिल्या फिर्यादीत आले नाहीत तर नंतर कितीही साक्षीदार आणले तरी ते मागाहून सुचलेले ठरतात. आपल्या भागात तर फिर्याद सांगितली जाते मराठीत आणि लिहिली जाते कन्नडात.

गेल्या पावसाळ्यात माझ्या ओळखीची एक पारलिंगी मुलगी रात्री नळावरून पाणी आणताना चौघांकडून मार खाऊन आली. ती ब्लाऊज शिवते. उजवे मनगट सुजले होते, म्हणजे पंधरा दिवसांचे काम गेले. मी तिच्यासोबत ठाण्यात गेलो. हवालदार उद्धट नव्हता, त्याने तिला बसायला खुर्ची दिली. तिने सगळे सांगितले, अगदी घागर कुठे पडली तेही. त्याने लिहून कागद पुढे केला. तिचे शिक्षण मराठी शाळेत झालेले, मला कन्नड वाचता येते, म्हणून मी वाचले. चार जणांशी 'जगळ', म्हणजे भांडण, झाले, त्यांनी 'बैदु होडेदरु', म्हणजे शिव्या देऊन मारले, एवढेच त्यात होते. तिने सांगितलेले मुख्य वाक्य त्यात नव्हते.

"काका, ते म्हणाले होते ते लिहिलंय का?" तिने विचारले.

हवालदार म्हणाला, शिवीगाळ लिहिली की सगळे आले. मी त्याला सांगितले की भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी कामकाजाच्या कायद्याच्या कलम १७३ प्रमाणे फिर्याद तिला वाचून दाखवायची आहे, आणि तिची एक प्रत तिला विनामूल्य द्यायची आहे. ती सांगते ते शब्द तिच्याच तोंडचे असू द्या. त्याने थोडा वेळ पेन हातात धरून ठेवले. मग समासात खूण करून, अवतरणचिन्हांत, ते मराठी वाक्य कन्नड अक्षरांत जसेच्या तसे उतरवले: 'आमच्या गल्लीत हिजडे नकोत.'

मी ते तिला वाचून दाखवले. तिने ते मला पुन्हा एकदा वाचायला लावले, आणि मग डाव्या हाताने सही केली.